बॅजरच्या फुफ्फुसातले जंत : सापडले म्हणजे त्यांनीच मारलं का?

ब्रिटनमध्ये दरवर्षी हजारो बॅजर गाड्यांखाली येऊन मरतात. त्यातले काही मृतदेह तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातात. तिथे छाती उघडून फुफ्फुसं बाहेर काढतात, मुख्य श्वासनलिकेत कात्रीचं टोक घालतात आणि ती फाट्याफाट्याने पार खालपर्यंत उभी चिरत नेतात. आतल्या चिकट, फेसाळ स्रावात कधीकधी पांढरट, मिलिमीटरमध्ये मोजावेत इतके बारीक जंत पडलेले दिसतात. फुफ्फुसाच्या पृष्ठभागावर बोट फिरवलं तर कुठेकुठे राखाडी, कडक गाठीही लागतात.

फुफ्फुसात जंत म्हणजे जनावर आजारी असणार, असंच कोणालाही वाटेल. पण बहुतेक वेळा हा निष्कर्ष घाईचा ठरतो. जंगली प्राण्याच्या अंगात जंत असणं ही रोजची गोष्ट आहे. एकही जंत नसलेला बॅजर सापडला तर नवल. म्हणून जंत आहेत की नाहीत एवढं विचारून भागत नाही. किती आहेत, कुठे बसलेत, कोणत्या वयाच्या जनावरात आहेत आणि ते आले कुठून, हे विचारावं लागतं.

आधी बॅजरची ओळख. युरोपभर आढळणारा हा प्राणी पाणमांजराच्या कुळातला. वजन साधारण आठ ते बारा किलो, अंगाने ठेंगणा आणि रुंद, पांढऱ्या तोंडावर काळे पट्टे, पुढच्या पायांना माती उकरायला लांब नखं. दिवसभर बिळात झोपतो, रात्री बाहेर पडतो. ब्रिटनमध्ये तो टोळीने राहतो, आणि काही बिळं अशी आहेत की त्यांत बॅजरच्या कित्येक पिढ्या नांदल्या आहेत. खाण्याच्या बाबतीत त्याचे फारसे नखरे नाहीत. ब्रिटनच्या ओलसर कुरणांत गांडुळं हे त्याचं मुख्य अन्न. जोडीला भुंगेरे, किड्यांच्या अळ्या, गोगलगायी, फळं, धान्य, गांधीलमाशांची पोळी, जे मिळेल ते. स्पेनच्या कोरड्या दक्षिण भागात हाच प्राणी सशांच्या पिल्लांवर आणि फळांवर गुजराण करतो. त्याच्या फुफ्फुसात काय सापडेल हे बऱ्याच अंशी या खाण्यावर ठरतं.

चार भाडेकरू, चार खोल्या

‘फुफ्फुसातले जंत’ ही एकच जात नाही. बॅजरमध्ये मुख्यतः चार प्रकारांची नोंद होते आणि प्रत्येकाची बसायची जागा वेगळी आहे.

क्रेनोसोमा मेलेसी हा श्वासनलिकेच्या शाखांमध्ये, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या नळ्यांत राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं तोंडाकडचं टोक लगेच ओळखू येतं, कारण तिथल्या कातडीला एकावर एक चढलेल्या कड्यांसारख्या घड्या असतात. कात्रीने नळ्या उघडल्यावर नजरेला पडतात ते बहुधा हेच.

पेरोस्ट्राँजिलस फाल्सिफॉर्मिस त्याहून खोल जातो. नळ्या संपून वायुकोश सुरू होतात तिथे, प्रत्यक्ष फुफ्फुसाच्या मांसात, तो बसतो. गाठी होतात त्या याच्यामुळे. त्याचं वर्णन 1930च्या दशकात जर्मनीत झालं. पुढे बरीच वर्षं त्याला मांजराच्या फुफ्फुसातल्या जंताच्या प्रजातीत, म्हणजे एल्युरोस्ट्राँजिलसमध्ये धरत होते. त्यामुळे जुन्या शोधनिबंधांत एक नाव आणि नव्यांत दुसरं दिसतं. किडा एकच आहे.

तिसरा, अँजिओस्ट्राँजिलस डास्कालोव्ही, हवेच्या वाटेवर नसतोच. हृदयाकडून फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीत तो राहतो. 1988 मध्ये बल्गेरियातल्या संशोधकांनी त्याचं वर्णन केलं आणि नंतर तो रोमानियातल्या बॅजरमध्येही मिळाला. श्वासनलिका कितीही नीट चिरली तरी हा दिसणार नाही. त्यासाठी धमनी उघडावी लागते, किंवा फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत पाणी सोडून ते चाळणीवर गोळा करावं लागतं. पूर्वीच्या किती तपासण्यांमध्ये धमनीकडे कोणी पाहिलंच नसेल, असा प्रश्न मला इथे हमखास पडतो.

चौथा युकोलियस एरोफिलस. पहिल्या तिघांशी याचं नातं फार लांबचं. तो श्वासनलिकेच्या अस्तरात स्वतःला गुंफून घेतो आणि जाड कवचाची, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी दिसणारी अंडी घालतो. कोल्हे, कुत्री, मांजरं, बॅजर असे त्याचे अनेक यजमान आहेत.

फुफ्फुसातून बाहेर कसं पडायचं?

फुफ्फुसात राहणाऱ्या जंतापुढे मोठी अडचण असते ती पिल्लं बाहेर पोहोचवण्याची. आतड्यातल्या जंताचं सोपं आहे, अंडी विष्ठेबरोबर आपोआप बाहेर जातात. फुफ्फुस मात्र तळाशी बंद असलेली पिशवी. आत यायची आणि बाहेर जायची वाट एकच.

या अडचणीतून सोडवणूक होते ती बॅजरच्याच शरीरातल्या एका सोयीमुळे. श्वासनलिकेच्या आतून सूक्ष्म केसांचं अस्तर असतं. हे केस सतत एका लयीत वरच्या दिशेने हलतात आणि त्यांच्यावरचा चिकट स्राव, त्यात अडकलेली धूळ आणि जिवाणू यांच्यासकट, घशाकडे सरकवत राहतात. सरकत्या जिन्यावर उभं राहिलं की पाय न हलवता वर पोहोचावं, तसं. तुमच्याआमच्या फुफ्फुसातही हेच चाललेलं असतं. जंताची मादी या स्रावात सूक्ष्म अळ्या सोडते. क्रेनोसोमाच्या बाबतीत अळ्या जिवंतच जन्मतात. पेरोस्ट्राँजिलसची अंडी फुफ्फुसाच्या मांसात उबतात आणि मग अळ्या वायुकोशातून नळीत येतात. धमनीतल्या जातीची वाट सर्वांत वाकडी. तिची अंडी रक्ताबरोबर वाहत जाऊन केशवाहिन्यांत अडकतात, तिथेच फुटतात आणि अळ्या भिंत भेदून हवेच्या बाजूला येतात.

वर घशाशी पोहोचलेला स्राव बॅजर थुंकत नाही, गिळतो. गिळलेल्या अळ्या पोटातून आणि आतड्यातून धडधाकट प्रवास करतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. लांबी पाव मिलिमीटरच्या किंचित पुढेमागे. डोळ्याला दिसत नाहीत.

ही अळी दुसऱ्या बॅजरने तशीच गिळली तरी काही होत नाही. तिला मध्ये गोगलगाय लागते.

गोगलगायीचं काम

शंख असलेली असो वा शेंबडी, गोगलगाय विष्ठेवर येते. ती तिचं खाणंही आहे आणि ओलाव्याची जागाही. तिच्या पोटाखालच्या मऊ, ओल्या पायातून अळी आत घुसते, किंवा विष्ठा खाताना पोटात जाते. पायाच्या स्नायूंत ती दोनदा कात टाकते. बाहेर ऊब असेल तर दोन-तीन आठवड्यांत ती तिसऱ्या अवस्थेला पोहोचते, आणि बॅजरला लागण करू शकते ती हीच अवस्था. गारठा पडला की ही वाढ रेंगाळते, कडाक्याच्या थंडीत थांबते आणि ऊब आली की पुन्हा चालू होते. गोगलगाय स्वतः थंड रक्ताची असल्याने अळीचं वेळापत्रक बाहेरच्या तापमानावर चालतं.

इथे बॅजरची एक सवय जंताच्या पथ्यावर पडते. बॅजर वाटेल तिथे विष्ठा टाकत नाही. तो उथळ खड्डे उकरतो, त्यांत शौच करतो आणि ते उघडेच ठेवतो. असे खड्डे एकाशेजारी एक असतात, विशेषतः टोळीच्या हद्दीवर, कारण त्या वासातून शेजारच्या टोळीला ‘ही आमची जागा’ असा निरोप जातो. टोळीतले सगळे तेच खड्डे वापरतात. म्हणजे अळ्या एका ठिकाणी साठतात, तिथल्या गोगलगायींना त्या मुबलक मिळतात, आणि त्याच परिसरात बॅजर रोज रात्री चरायला येतात.

बॅजरने गोगलगाय खाल्ली की तिचं मांस पचतं आणि अळी मोकळी होते. ती आतड्याची भिंत भेदून लसिकावाहिन्यांत किंवा रक्तात शिरते. तिथून फुफ्फुस गाठायला तिला फारसा शोध घ्यावा लागत नाही. शरीरातून परतणारं सगळं रक्त आधी हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतं आणि तिथून थेट फुफ्फुसात जातं. तिथल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद की अळी अडकतेच. मग ती आणखी दोनदा कात टाकते, आपली नेमकी जागा धरते, प्रौढ होते आणि चक्र पुन्हा सुरू होतं. कोल्ह्यातल्या क्रेनोसोमाला लागणीपासून विष्ठेत अळ्या दिसेपर्यंत सुमारे तीन आठवडे लागतात.

आता गांडुळांचं काय? ब्रिटिश बॅजर तर मुख्यतः गांडुळंच खातो. ओल्या, वारा नसलेल्या रात्री मोठी गांडुळं जमिनीवर येतात तेव्हा एक बॅजर त्यांतली शे-दोनशे सहज फस्त करतो. पण वरच्या पहिल्या तीन जातींचा रीतसर मध्यस्थ गोगलगाय आहे, गांडूळ नव्हे. युकोलियसचं उलट. त्याची जाड कवचाची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात, माती गिळणाऱ्या गांडुळांच्या पोटात जातात आणि गांडुळांबरोबर नव्या यजमानाकडे पोहोचतात. डुकरांच्या फुफ्फुसातल्या जंतालाही गांडूळच लागतं. म्हणजे एकाच रात्रीच्या जेवणातले दोन पदार्थ दोन वेगळ्या जातींचे जंत आणतात. गांडूळ खाणारा म्हणून बॅजरला फुफ्फुसाचे जंत होतात, हे ढोबळ वाक्य त्यामुळे अर्धंच खरं आहे.

जंत आत वाढत नाहीत, वाढतात ते बाहेरून येऊन

या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. जिवाणू किंवा विषाणू शरीरात शिरला की आतल्या आत दुप्पट, चौपट होत जातो. शंभर शिरले काय आणि हजार शिरले काय, आठवड्यानंतर फरक पुसला जातो. जंतांचं तसं नाही. फुफ्फुसात पन्नास प्रौढ जंत असतील, तर पन्नास वेगवेगळ्या अळ्या बाहेरून गिळल्या गेल्या आहेत; आतल्या मादीची पिल्लं तिथेच मोठी होत नाहीत, त्यांना बाहेर जाऊन गोगलगायीतून फिरून यावंच लागतं.

म्हणजे जंतांची संख्या हा त्या बॅजरच्या आयुष्यातल्या गिळलेल्या अळ्यांचा हिशेब असतो, त्यातून मेलेले आणि शरीराने मारलेले वजा. कोणत्या टोळीत वाढला, त्या भागात गोगलगायी किती, प्रतिकारशक्ती कशी, हे सगळं त्या आकड्यात उतरतं.

हे हिशेब सगळ्यांचे सारखे येत नाहीत. परजीवींच्या अभ्यासात जवळजवळ प्रत्येक जंगली प्राण्यात दिसणारी गोष्ट अशी की बहुतेक जनावरांत थोडे जंत आणि थोड्या जनावरांत बहुतेक जंत. ढोबळमानाने, शंभरातल्या वीस प्राण्यांकडे एकूण जंतांपैकी ऐंशी टक्के. म्हणून ‘इतके टक्के बॅजर बाधित’ या आकड्याने फारसं काही कळत नाही. कल्पना करा, एका जंगलात दहापैकी नऊ बॅजरमध्ये प्रत्येकी चार जंत आहेत आणि दुसऱ्यात दहापैकी दोघांत प्रत्येकी दीडशे. बाधितांची टक्केवारी पहिल्या जंगलात जास्त. त्रास मात्र दुसऱ्या जंगलातल्या त्या दोघांनाच. बातम्यांमध्ये टक्केवारी येते, कारण ती सांगायला सोपी आहे. अशी बातमी दिसली की मी आधी त्यात सरासरी जंतसंख्या दिली आहे का ते शोधतो. बहुधा नसते.

त्रास नक्की काय होतो

थोडे जंत असतील तर बाहेरून काहीच कळत नाही. नळ्यांतल्या जातीने अस्तराला चिडवलं की स्राव वाढतो, भिंत जाड होते, खोकला येतो. वायुकोशातल्या जातीचं वेगळं. तिथे अंडी, अळ्या आणि प्रौढ जंत यांच्याभोवती शरीराच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्यातही जंतांविरुद्ध लढणाऱ्या इओसिनोफिल पेशी मोठ्या संख्येने येतात, आणि सगळ्यांची मिळून गाठ बनते. जुन्या गाठींत चुना साचून त्या कडक होतात. तेवढा भाग हवेच्या देवाणघेवाणीला निकामी. फुफ्फुसाला राखीव क्षमता बरीच असते, म्हणून दोन-चार गाठींनी निरोगी बॅजरचं काही बिघडत नाही.

खरा धोका जोडीच्या दुखण्यांचा. चिडलेल्या, स्रावाने भरलेल्या नळ्यांत जिवाणू सहज घर करतात आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. धमनीत राहणाऱ्या जातीच्या कुळातले जंत रक्तवाहिनीची भिंत सुजवतात, तिथे गुठळ्या होतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. कुत्र्यांमध्ये हे नीट अभ्यासलं गेलं आहे.

पिल्लांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. बॅजरची पिल्लं साधारण फेब्रुवारीत बिळात जन्मतात, वसंतात आठेक आठवड्यांची झाली की वर येतात आणि दूध सुटता सुटता स्वतः खायला शिकतात. जंतांशी पहिली गाठ तेव्हाच पडते. फुफ्फुसं छोटी, अनुभव नसलेली प्रतिकारशक्ती आणि भराभर वाढण्याची गरज, हे तिन्ही एकाच वेळी. उन्हाळा कोरडा गेला तर गांडुळं जमिनीत खोल जातात, पिल्लं उपाशी राहतात आणि त्यांची मरतूक वाढते. अशा वर्षी एखादं पिल्लू मेलेलं सापडलं आणि त्याच्या फुफ्फुसात जंत निघाले, तर दोष कोणाचा? भुकेने अशक्त झालं म्हणून जंत माजले, की जंतांमुळे अशक्त झालं म्हणून भूक भागवता आली नाही? एका शवविच्छेदनातून याचं उत्तर निघत नाही. काळाच्या ओघात तीच जनावरं पुन्हापुन्हा तपासावी लागतात.

असं काम झालेलं आहे, पण ते दुसऱ्या परजीवीवर. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात 1987 पासून बॅजर पकडून, तपासून, खूण करून सोडण्याचं काम सलग चालू आहे. तिथे आतड्यातल्या आयमेरिया मेलिस या एकपेशीय परजीवीचा पाठपुरावा झाला. ज्या पिल्लांत तो जास्त होता ती कमी वाढली आणि कमी जगली. आयमेरिया मात्र यजमानाच्या आत वाढतो, फुफ्फुसातले जंत वाढत नाहीत, तेव्हा त्याचा निष्कर्ष इकडे उचलून चिकटवता येत नाही. अभ्यास कसा करावा याचा नमुना म्हणून तो उपयोगी.

विष्ठेतून अळी कशी काढतात

मेलेल्या बॅजरवर विसंबून राहण्यात एक खोट आहे. गाडीखाली येणारे बॅजर सगळ्या बॅजरांचं प्रतिनिधित्व करत नाहीत. तरुण नर, भटके, रस्त्याकाठच्या टोळ्या यांचं त्यात झुकतं माप असू शकतं. शिवाय मेलेला बॅजर एकदाच तपासता येतो. म्हणून जिवंत बॅजरच्या विष्ठेकडे वळावं लागतं.

पद्धत शंभर वर्षांहून जुनी आणि कमालीची साधी आहे. 1917 मध्ये गुस्टाफ बेअरमान यांनी आजच्या इंडोनेशियात मातीतल्या अंकुशकृमींच्या अळ्या शोधण्यासाठी ती मांडली. नरसाळ्याच्या देठाला रबरी नळी लावून ती चिमट्याने बंद करायची. नरसाळ्यात कोमट पाणी भरायचं. ताज्या विष्ठेचा छोटा गोळा जाळीदार कापडात पुरचुंडी करून पाण्यात अर्धा बुडेल असा टांगायचा आणि रात्रभर सोडून द्यायचा. ऊब आणि ओलावा मिळाल्यावर अळ्या हालचाल करतात, कापडातून बाहेर येतात. पण त्यांना वर पोहता येत नाही, म्हणून हळूहळू देठाच्या तळाशी जमतात. सकाळी चिमटा सैल करून पहिले काही थेंब काचपट्टीवर घ्यायचे.

मग शेपट्या बघायच्या. जात ओळखायची ती शेपटीच्या टोकावरून: क्रेनोसोमाच्या अळीची शेपटी सरळ आणि निमुळती, तर पेरोस्ट्राँजिलस आणि अँजिओस्ट्राँजिलस यांच्या अळ्यांची शेपटी वळणदार आणि पाठीच्या बाजूला एक बारीक काटा. या दोघांना एकमेकांपासून वेगळं करायला नजर चांगलीच तयार लागते. आता शंका असेल तर डीएनए तपासून खात्री करतात.

ही पद्धत अळीच्या हालचालीवर चालते, त्यामुळे अळी जिवंत हवी. नमुना गोठवला की अळ्या मरतात आणि नरसाळ्यात काहीच उतरत नाही. नमुना दोन-तीन दिवस जमिनीवर पडून राहिला की मातीतले स्वतंत्र जगणारे सूक्ष्म कृमी त्यात शिरतात आणि तेही त्याच उत्साहाने पोहत खाली येतात. अननुभवी माणूस त्यांना फुफ्फुसातल्या अळ्या समजून मोकळा होतो. शिवाय बाधित जनावरही रोज अळ्या टाकत नाही, म्हणून कुत्र्यांच्या तपासणीत सलग तीन दिवसांचे नमुने घेतात. जंगलात ही चैन कुठली? आणि युकोलियसची अंडी पोहत नाहीतच. त्यांच्यासाठी घट्ट मिठाच्या किंवा साखरेच्या द्रावणात अंडी तरंगवून काढण्याची निराळी पद्धत.

राहता राहिला प्रश्न की खड्ड्यातली विष्ठा कोणाची. हद्दीवरच्या खड्ड्याला दोन्ही टोळ्यांची ये-जा असते. यावर बॅजर-अभ्यासकांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. शेंगदाणे आणि पाक यांच्या आमिषात पचू न शकणारे रंगीत प्लास्टिकचे बारीक मणी मिसळायचे आणि प्रत्येक टोळीच्या बिळाशी वेगळ्या रंगाचं आमिष ठेवायचं. काही दिवसांनी खड्ड्यांत रंग शोधत फिरायचं. पिवळे मणी सापडले तर पिवळ्या आमिषाची टोळी इथवर येते. मुळात ही युक्ती हद्दी आखण्यासाठी आहे. तीच वापरून विष्ठेचा नमुना कोणत्या टोळीचा, हेही सांगता येतं. कोणत्या बॅजरचा, ते मात्र नाही.

क्षयाची सावली

बॅजरच्या फुफ्फुसात एवढा रस घेण्यामागे एक मोठं कारण आहे. 1971 मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात एका मृत बॅजरमध्ये गुरांच्या क्षयाचा जिवाणू सापडला. तेव्हापासून बॅजर हा तिथे शेतीच्या राजकारणाचा विषय झाला: बॅजर मारावेत की त्यांना लस द्यावी, यावर आजही वाद चालू आहे. 1992 च्या कायद्याने बॅजरला संरक्षण आहे, आणि 2013 पासून सरकारी परवान्याने ठरावीक भागांत ते मारलेही गेले आहेत.

क्षयामुळेही फुफ्फुसात गाठी होतात. जंतांच्या गाठी आणि क्षयाच्या गाठी नुसत्या डोळ्यांनी पाहून एकमेकींवर खपून जाऊ शकतात, म्हणून गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो आणि जिवाणू वाढवून खात्री करावी लागते. क्षयाचा जिवाणू फार सावकाश वाढतो, निकालाला आठवडे लागतात.

दुसरा धागा अधिक गुंतागुंतीचा. शरीर जंतांशी आणि क्षयाशी एकाच हत्याराने लढत नाही. जंत असले की प्रतिकारशक्तीचा कल एका बाजूला जातो आणि पेशींच्या आत लपणाऱ्या जिवाणूंविरुद्धची बाजू लंगडी पडू शकते. मग जंत काढून टाकले तर क्षय आटोक्यात येईल का? दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जंगली म्हशींवर हा प्रयोग झाला आणि 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही म्हशींना दीर्घकाळ काम करणारं जंतनाशक दिलं, काहींना नाही, आणि वर्षानुवर्षं माग ठेवला. औषध घेतलेल्या म्हशींना क्षय होण्याची शक्यता कमी झाली नाही. पण क्षय झाल्यावर त्यांचं मरण्याचं प्रमाण सुमारे नऊ पटींनी घटलं.

ऐकायला छान. पण क्षय झालेली म्हैस जास्त जगली म्हणजे ती जास्त काळ इतरांना क्षय देत फिरली. एकेका म्हशीचं भलं झालं, कळपात रोग पसरायला वाव वाढला. हा प्रयोग आतड्यातल्या जंतांवर होता आणि म्हशी म्हणजे बॅजर नव्हेत, तेव्हा आकडे इकडे आणण्यात अर्थ नाही. तरी ‘बॅजरना जंतांचं औषध द्या, गुरांचा क्षय कमी होईल’ असं कोणी म्हणालं, तर त्याला आधी हा प्रयोग वाचायला द्यावा असं मला वाटतं.

शेजारचे कोल्हे, आणि माणसं

बॅजरचे स्वतःचे जंत बॅजरपुरतेच बरेचसे मर्यादित आहेत. कोल्ह्या-कुत्र्यांमधला अँजिओस्ट्राँजिलस व्हॅसोरम मात्र दक्षिण युरोपातल्या बॅजरमध्येही सापडला आहे. ब्रिटनमध्ये या जातीचं क्षेत्र वाढत गेलं: कोल्ह्यांच्या पाहणीत 2005-06 च्या सुमारास 7.3 टक्के बाधित होते, 2013-14 मध्ये 18.3 टक्के. आधी टक्केवारीला नावं ठेवली आणि आता तीच देतो आहे, हे खरं. पण रोग नव्या मुलखात पसरतो आहे का, एवढ्याच प्रश्नाला टक्केवारी नेमकी लागू पडते. कुत्र्यांसाठी हा जंत जीवघेणा ठरू शकतो आणि त्याचा साठा मुख्यतः कोल्ह्यांत आहे. बॅजरवर त्याचं खापर फोडायला आधार नाही.

माणसाला बॅजरच्या या जंतांची भीती बाळगायचं कारण नाही. युकोलियसच्या माणसांतल्या नोंदी जगभरात अगदी मोजक्या. गोगलगायीतून माणसाला खरोखर धोका असतो तो उंदरांच्या फुफ्फुसातल्या जंताचा, अँजिओस्ट्राँजिलस कँटोनेन्सिसचा. कच्ची गोगलगाय खाल्ली, किंवा ती चिकटलेला पाला न धुता खाल्ला, तर त्याच्या अळ्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतात.

मग औषध द्यायचं का?

फेनबेंडाझोलसारखी औषधं कुत्र्यांत फुफ्फुसातल्या जंतांवर चालतात. मोकळ्या बॅजरला ती देण्याने फारसं साधत नाही. औषध बॅजरमधले जंत मारतं, गोगलगायींमधल्या अळ्यांना ते शिवतही नाही. पुढच्या ओल्या रात्री तो पुन्हा त्याच गवतात चरायला जातो. आमिषातून औषध टाकायचं तर कोणी किती खाल्लं याचा पत्ता नाही, आणि अर्धवट मात्रेने जंत औषधाला दाद देईनासे होण्याची जोखीम वेगळी.

बचाव केंद्रात आणलेल्या पिल्लाची गोष्ट निराळी. अनाथ, हडकुळं, खोकणारं पिल्लू असेल तर विष्ठा तपासून औषध देणं रास्त आहे, कारण त्याला तेवढे काही आठवडेच निभावून न्यायचे असतात. ब्रिटनमध्ये अशा पिल्लांची सोडण्याआधी क्षयासाठी तीनदा रक्ततपासणी होते, आणि क्षय आढळला तर सोडत नाहीत. जंतांच्या बाबतीत इतकी कडक अट ठेवण्यात अर्थही नाही. ज्या जंगलात ते जाणार तिथे गोगलगायी आहेतच, आणि धडधाकट, वजन भरलेल्या बॅजरच्या अंगात दहा-वीस जंत असण्याला कोणताही पशुवैद्य आजार म्हणणार नाही.